सोमवंशीय मित्र : न्यायाचे मासिक

पुण्याहून शिरूरकडे जाताना भीमातीरी कोरेगावचा जयस्तंभ दिसतो. १८१८ च्या लढाईत पडलेल्या महार शिपायांची नावे त्यावर कोरलेली आहेत. पुढे त्यांच्याच समाजाला सैन्याची दारे बंद झाली. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक काढले. १९१० मध्ये सैन्यभरतीसाठी सरकारकडे अर्ज केला. मुरळी सोडण्याच्या स्वसमाजातील चालीवरही मासिकाने निर्भयपणे लिहिले. कांबळ्यांच्याच पुढाकाराने १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर या स्तंभापाशी आले. आज ते मासिक नाही. परंतु सरकारकडे न्याय मागणाऱ्याने स्वतःच्या घरातील अन्यायही झाकू नये, हा त्याचा धडा आम्हां धर्मग्रामवासीयांनाही लागू आहे.