समुद्री श्वेतबिंदू रोग

समुद्री श्वेतबिंदू रोग हा खाऱ्या पाण्यातील शोभिवंत माशांना होणारा परजीवीजन्य रोग असून तो क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स या आदिजीवामुळे होतो. जपानमध्ये सिकामा यांनी १९३० च्या दशकात त्याचे वर्णन केले. शास्त्रीय नाव ब्राउन यांनी १९५१ मध्ये दिले. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले तेही याच वर्षी. नवा मासा मुख्य टाकीत सोडण्यापूर्वी काही आठवडे वेगळा ठेवण्याची, म्हणजे विलगीकरणाची, पद्धत अशाच रोगांसाठी आहे.

सातारा व सांगली हे जिल्हे समुद्रापासून दूर असल्याने तेथे खारे पाणी तयार क्षार मिसळूनच करावे लागते (क्षारता दर हजारी सुमारे ३५ भाग). गोड्या पाण्यातील मासे पाळणाऱ्याची येथे फसगत होण्याचा संभव असतो. गोड्या पाण्यातही पांढरे ठिपके येतात. पण तो परजीवी निराळा असून त्यावर चालणारा पाणी तापवण्याचा उपाय येथे निरुपयोगी ठरतो, कारण हा परजीवी मुळात उबदार समुद्रातलाच.

जीवनचक्र

परजीवी त्वचेत व कल्ल्यांत ३ ते ७ दिवस वाढतो, नंतर गळून तळाशी कवच करतो. काही दिवसांनी, कधी चार आठवड्यांनी किंवा त्याहूनही उशिरा, एका कवचातून शेकडोपर्यंत पोहणारे जीव बाहेर पडतात. एक-दोन दिवसांत मासा न सापडल्यास ते मरतात. औषध लागू पडते ते केवळ या पोहणाऱ्या अवस्थेवर. म्हणून ठिपके नाहीसे होताच उपचार थांबवणे ही सर्वांत महाग पडणारी चूक होय.

निदान

मिठाच्या कणांसारखे ठिपके, दगडावर अंग घासणे, जलद श्वसन व अन्न सोडणे ही लक्षणे होत. लागण कल्ल्यांपुरतीच असल्यास ठिपके दिसतही नाहीत. त्वचेवरील बुळबुळीत स्राव काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास संथपणे फिरणारे गोलाकार जीव दिसतात. अमायलोऊडिनियम हा दुसरा परजीवी असल्यास ते स्थिर असतात. अंगावर पिवळसर धूळ दिसते आणि मासे फार लवकर दगावतात. काही मिनिटांच्या गोड्या पाण्याच्या स्नानाने त्वचेवरील चपटे कृमी पांढरे पडून गळतात. क्रिप्टोकॅरिऑन मात्र त्वचेच्या थराखाली असल्याने बचावतो.

उपचार

प्रमुख औषध तांबे. तासगाव परिसरातील द्राक्षबागायतदारांच्या ओळखीचे मोरचूद तेच. बोर्डो मिश्रणात ते चुन्यासह वापरतात. येथे मात्र मात्रा अतिशय सूक्ष्म, लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबे. मोरचुदात तांबे सुमारे एक चतुर्थांश असल्याने १०० लिटर पाण्याला जेमतेम ८० मिलिग्रॅम मोरचूद पुरते. चिमटीने मोजलेली मात्रा माशालाच मारू शकते. शुद्ध मोरचुदाचे द्रावण करून ते दोन-तीन दिवसांत हळूहळू घालावे व तांबे मोजण्याच्या चाचणीने रोज पाहावे. टाकीत प्रवाळवाळू वा शंख नसावेत; ते तांबे शोषून घेतात. ही मात्रा तीन ते चार आठवडे टिकवावी लागते.

तांबे न सोसणाऱ्या माशांसाठी क्षारता दर हजारी १६ भागांपर्यंत किंवा किंचित खाली आणतात, किंवा दर तीन दिवसांनी मासा कोरड्या केलेल्या नव्या टाकीत, असे चार वेळा हलवतात. मुख्य टाकीत रोग शिरला असल्यास ती किमान सहा आठवडे माशांविना ठेवतात. प्रवाळ व कोळंबी तिथेच राहू शकतात, कारण हा परजीवी त्यांच्यावर जगत नाही. तांबे मात्र त्या टाकीत घालू नये. ते या जीवांना मारक आहे.