पाचशे एकावे युनिट : तामिळनाडूतील घरगुती वीजदराचे गणित

तंजावरजवळ कावेरीकाठी वसलेले तिरुवैयारु मराठी वाचकांना संत त्यागराजांच्या समाधीमुळे आणि भोसले राजवटीच्या इतिहासामुळे परिचित आहे. तेथील घरगुती वीजबिल मात्र महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला बुचकळ्यात टाकते.

महाराष्ट्रात मीटरची नोंद दरमहा होते आणि वापर वाढला तरी खालच्या टप्प्यातील युनिटांचा दर बदलत नाही. चढा दर केवळ वरच्या युनिटांना लागतो. तामिळनाडूत नोंद दोन महिन्यांनी घेण्याची पद्धत रूढ झाली. २०१६ पासून त्यातील पहिली १०० युनिटे मोफत मिळू लागली. खरी मेख पुढे आहे. एकूण वापर ५०० युनिटांपलीकडे गेला, की स्वस्त दराचा टप्पाच बिलातून वगळला जातो.

राज्य वीज नियामक आयोगाने १० सप्टेंबर २०२२ पासून लागू केलेले दर पाहावेत. ५०० युनिटांपर्यंतच्या ग्राहकाला १०१ ते २०० या युनिटांसाठी २.२५ रुपये, ४०० पर्यंत ४.५० रुपये आणि त्यापुढे ६ रुपये दर होता. ५०० युनिटांचे बिल १,७२५ रुपये होई. ५०१ युनिटे झाल्यास १०१ ते २०० हा टप्पाही ४.५० रुपयांवर जाई, शेवटच्या युनिटाला ८ रुपये पडत आणि बिल १,९५८ रुपये होई. एका युनिटापोटी २३३ रुपये! त्यापूर्वीच्या दरांत ही उडी ६५६ रुपयांची होती. दर वाढले, पण उडी लहान झाली, ही गोष्ट दरवाढीवरील ओरडीत फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. जुलै २०२४ मध्ये दर सुमारे ४.८३ टक्क्यांनी वाढले. रचना तीच राहिली.

साहजिकच नोंदीच्या तारखेला महत्त्व येते. नोंद आठवडाभर लांबली, तर ४८० युनिटे वापरणारे कुटुंबही मर्यादा ओलांडू शकते. २०२० च्या टाळेबंदीत नोंदी खोळंबल्या, तेव्हा चार महिन्यांचा वापर दोन समान भागांत विभागून बिले काढण्यात आली.

द्रमुकने २०२१ च्या जाहीरनाम्यात मासिक बिलाचे आश्वासन दिले होते. तोही सर्वांनाच लाभदायक ठरेल असे नाही. एका महिन्यात १८० आणि उन्हाळ्यात ३०० युनिटे जाळणारे घर दोन महिन्यांच्या हिशेबात ४८० वर, म्हणजे सवलतीत राहते. दरमहा २५० ची मर्यादा आली, तर त्याचा उन्हाळ्याचा महिना सवलतीबाहेर जाईल.