दारूचं खरं नाव

बेंजामिन फ्रँकलिन यांनी 1737 साली आपल्या ‘पेन्सिल्व्हेनिया गॅझेट’मध्ये मद्यपींचा एक शब्दकोश छापला. माणूस नशेत आहे, एवढंच सांगणारे दोनशेहून अधिक वाक्प्रचार त्यात आहेत. इतर दुर्गुण एखाद्या सद्गुणाचं नाव उसनं घेऊन वावरतात. दारूबाजीला मात्र तशी सोय नाही, म्हणून तिला आडवळणाचे शब्द शोधावे लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. पुढे इंग्रज खलाशांनी यात भर घातली. झिंगलेल्या माणसाला ते ‘वाऱ्यावर तीन दोर’ म्हणत. शिडाचे दोर सुटले की जहाज भेलकांडतं, तसा तो.

आमच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, असे शब्द कमी नाहीत. टाईट, टल्ली, तर्र, टुन्न. कुणाचं ‘विमान उडालेलं’ असतं, कुणी नुसतीच ‘थोडी घेतलेली’ असते.

पण खरी गंमत जुन्या शब्दांत आहे. ‘दारू’ हा फारसी शब्द, त्याचा मूळ अर्थ औषध. ‘दवादारू’त तो अर्थ अजून शिल्लक आहे. ‘शराब’ अरबीत नुसतं पेय. ‘सरबत’ त्याच धातूतून आलेलं. ‘मस्त’ म्हणजे फारसीत झिंगलेला. आपण पोरांच्या दंग्याला मस्ती म्हणतो आणि बिर्याणी मस्त झाली म्हणतो. याच शहरातले अठराव्या शतकातले सूफी शायर सिराज औरंगाबादी यांच्या परंपरेत तर नशा ही ईश्वरी प्रेमाची उपमा झाली.

सरकारही मागे नव्हतं. निजामाच्या राज्यात दारूवरच्या महसुलाचं खातं होतं ‘आबकारी’. आब म्हणजे पाणी. आजच्या खात्याचं नाव ‘राज्य उत्पादन शुल्क’. दोन्ही पाट्यांवर दारूचा उल्लेख नाही.

कुरआनने मात्र ‘खम्र’ हा शब्द वापरला. त्याच्या मुळाशी झाकण्याचा अर्थ आहे. जे अकलेवर पडदा टाकतं ते खम्र, अशी व्याख्या हजरत उमर (रजि.) यांनी मिंबरवरून केली होती. याच धातूतून आलेली ‘खुमारी’ मराठीत गाण्याला आणि झोपेला चिकटली.

आमच्या मोहल्ल्यात कुणी पीत नाही, असं म्हणून आपणही पडदाच टाकतो. दार वाजलं की आतली बाई सांगते, “त्यांची तब्येत बरी नाही.” शेजारी समजतात, विचारत नाहीत. मार खाल्लेली बाई आणि शाळा सुटलेला मुलगा त्या एका वाक्यामागे राहून जातात.

महाराष्ट्रात दारूचं दुकान बंद करण्यासाठी बायकांचं मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडवीवर शिक्का मारला, तर दुकान बंद होतं. तिथे तब्येतीचं कारण चालत नाही. बाटलीला बाटलीच म्हणावं लागतं.