लिंडबर्गच्या विमानाचे इंजिन

वाचकहो, २० मे १९२७ रोजी सकाळी न्यूयॉर्कजवळून एकटा निघालेला चार्ल्स लिंडबर्ग साडेतेहेतीस तासांनी पॅरिसला उतरला, हे आपण जाणताच. त्याच्यापुढे धडधडणाऱ्या राइट व्हर्लविंड जे-५ या इंजिनाचे नाव मात्र क्वचितच निघते. विमानाला इंजिन एकच होते. ते थांबले असते, तर खाली अटलांटिक.

त्या काळी बरीच शक्तिशाली इंजिने पाण्याने थंड होत. पाणी म्हटले की रेडिएटर आला, नळ्या आल्या, वजन आणि गळतीही आली. अमेरिकन नौदलाला जहाजावरच्या विमानांसाठी हलके इंजिन हवे होते. चार्ल्स लॉरन्स यांचे हवेने थंड होणारे इंजिन त्यांना पसंत पडले, पण लॉरन्स यांचा कारखाना लहान. नौदलाच्या दबावामुळे राइट कंपनीने १९२३ मध्ये तो विकत घेतला.

जे-५ मध्ये चाकाच्या आऱ्यांसारखी नऊ सिलिंडर आहेत. शक्ती सुमारे २२० अश्वशक्ती. नऊच का? अशा इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटते. एक सोडून एक पेटवत गेले की पहिल्या फेरीत १, ३, ५, ७, ९ आणि दुसरीत २, ४, ६, ८ असा क्रम सारख्या अंतराने लागतो. संख्या सम असती तर हा ताल बिघडला असता.

खरी अडचण होती जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेची. ती लाल होईपर्यंत तापे आणि जळून जाई. मूळचे इंग्लंडचे सॅम्युएल हेरन यांनी झडपेचा दांडा पोकळ करून त्यात थोडे सोडियम भरण्याची युक्ती काढली. सुमारे ९८ अंशांना ते वितळते आणि झडपेच्या हालचालीबरोबर आत हिंदकळत माथ्याची उष्णता दांड्याकडे नेते. आम्हा होमिओपॅथांना नेट्रम रोजचे. पण ताप उतरवण्याची ही तऱ्हा आमच्या एकाही ग्रंथात नाही!

आता हिशेब करा. मिनिटाला १६०० फेरे धरले, तर त्या प्रवासात नऊ सिलिंडरांत मिळून १ कोटी ४४ लाखांहून अधिक स्फोट झाले. त्याच महिन्यात पॅरिसहून उलट दिशेने निघालेले नुंजेसेर आणि कोली परतले नाहीत.

लिंडबर्गवर फुले उधळली गेली. लॉरन्स यांना त्या वर्षाची कॉलियर ट्रॉफी मिळाली. आणि जूनच्या पहिल्याच आठवड्यात क्लॅरेन्स चेंबरलिन याच जातीच्या इंजिनावर, सोबत एक प्रवासी घेऊन, न्यूयॉर्कहून थेट जर्मनीत उतरला.