१९६३ (चित्रकथा मालिका)

१९६३ ही ॲलन मूर यांनी लिहिलेली, सुपरहिरोंचे विडंबन करणारी सहा अंकांची चित्रकथा मालिका आहे. इमेज कॉमिक्सने ती इ.स. १९९३ मध्ये प्रकाशित केली. स्टीव्ह बिसेट व रिक वीच हे तिचे प्रमुख चित्रकार होत.

== शैली व विनोद ==
मार्व्हल कॉमिक्सच्या १९६०च्या दशकातील चित्रकथांचे हे हुबेहूब अनुकरण आहे. जुन्या वळणाची रंगसंगती, भडक निवेदन, खोट्या जाहिराती आणि वाचकांची बनावट पत्रेही त्यात आढळतात. ‘मिस्टरी इन्कॉर्पोरेटेड’ हा चमू ‘फँटास्टिक फोर’वर बेतलेला आहे. स्वतःचीच स्तुती करणारा संपादक ‘ॲफेबल अल’ हे स्टॅन ली यांच्या संपादकीय शैलीचे विडंबन असून, चित्रकारांना नाकारल्या गेलेल्या श्रेयाचा प्रश्न या थट्टेतून पुढे येतो.

== अपूर्ण शेवट ==
या नायकांची १९९०च्या दशकातील हिंसक नायकांशी गाठ घालून देणारा नियोजित वार्षिक अंक प्रसिद्धच झाला नाही. त्यामुळे कथा अपूर्ण राहिली.