नागसेनाचा रथ आणि १९७५ सालची सेसना

मंडळी, आजचा विषय जाहीर झाल्यापासून दोन-तीन जणांनी आम्हाला विचारले, की तत्त्वज्ञानाच्या मास्तरांना विमानांचे काय पडले आहे? प्रश्न रास्त आहे. आम्ही विमान चालवलेले नाही, इंजिनाचा एक नटही फिरवलेला नाही. पण काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात आम्ही अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सला पुतण्याकडे राहायला होतो. त्याच्या ओळखीतल्या एका गृहस्थांचे स्वतःचे छोटे विमान होते. सेसना १७२, चार आसनांचे, एका इंजिनाचे, १९७५ साली बनलेले. त्यांनी हौसेने आम्हाला फिरायला नेले.

त्या दिवशी बाहेर पारा एक्केचाळीस अंशांवर होता. आत म्हणाल, तर मे महिन्यात गच्चीवर ठेवलेल्या पत्र्याच्या ट्रंकेत बसल्यासारखे वाटले. जमिनीवर विमान सरकत होते तोवर गृहस्थांनी खिडकी बाहेर ढकलून उघडी ठेवली होती, म्हणजे प्रोपेलरचा झोत आत येई. आणि मागच्या आसनावर एक थर्माकोलची पेटी होती. पेटीत बर्फ, बर्फात छोटा पंप, वर एक जाळी आणि पंखा. पंप बर्फाचे पाणी जाळीच्या नळ्यांतून फिरवतो, पंखा जाळीतून हवा फेकतो. हे त्यांचे वातानुकूलन! आणि या पेटीच्या समोर, पुढच्या पॅनेलवर, दोन लखलखीत रंगीत पडदे. नकाशा, क्षितिज, वेग, उंची, आसपासची विमाने, सगळे त्यावर.

आम्ही सहज विचारले, या विमानात १९७५ सालचे काय उरले आहे? गृहस्थ बोटांवर मोजू लागले. इंजिन बदललेले, प्रोपेलर बदललेला, समोरची काच बदललेली, रेडिओ तर तीनदा. गाद्या, रंग, दिवे, सगळे नवे. उरला तो सांगाडा, पंख आणि निर्मात्याने अनुक्रमांक कोरून लावलेली धातूची छोटी पाटी. ती पाटी परवानगीशिवाय काढणे गुन्हा आहे, असेही त्यांनी सांगितले.

आता आयुष्यभर ज्याने ‘मिलिंदप्रश्न’ शिकवला त्याला इथे काय आठवणार? राजा मिलिंद रथातून आला आहे, आणि नागसेन त्याला विचारतो आहे, महाराज, आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ? जू म्हणजे रथ? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. ग्रीकांकडेही थिसियसच्या जहाजाची अशीच गोष्ट आहे, एकेक फळी बदलत गेलेल्या जहाजाची. आम्ही वर्गात हे कोडे म्हणून शिकवले. पण विमानांच्या जगात हे कोडे नाही. तिथे त्याचे उत्तर कायद्याने लिहून ठेवले आहे, आणि जुन्या विमानात कधी काय बदलता आले, केवढ्याला पडले, हे त्या उत्तराने ठरवले. आजचे व्याख्यान या इतिहासाबद्दल आहे.

मूळ धागा असा. विमान बनवणारी कंपनी आधी आपला नमुना सरकारकडे सिद्ध करते, मग तिला टाइप सर्टिफिकेट मिळते. त्यानंतर बनणारे प्रत्येक विमान त्या नमुन्याबरहुकूम असावे लागते, आणि नुसते बनताना नव्हे, तर उडत असेपर्यंत. तुमच्या मोटारीत तुम्ही उद्या नवा म्युझिक सिस्टिम लावाल, कोणी विचारणार नाही. विमानात तसे चालत नाही. मोठा बदल करायचा, तर तो सुरक्षित असल्याचे पुन्हा सिद्ध करायला हवे, आणि त्यासाठीची पुरवणी परवानगी, म्हणजे सप्लिमेंटल टाइप सर्टिफिकेट, कोणीतरी मिळवलेली हवी. सिद्ध करण्याचा खर्च प्रचंड. त्यामुळे १९५६ साली बाजारात आलेल्या सेसना १७२ ला १९५६ च्याच विचारांत राहणे सोपे होते.

तरी बराच काळ हे कोणाला टोचले नाही, कारण नवी विमाने भरपूर येत होती. १९७८ साली अमेरिकेत अशी छोटी-मध्यम विमाने जवळजवळ १८ हजार बनली. पुढे काय झाले बघा. १९८६ मध्ये सेसनाने पिस्टन इंजिनाची विमाने बनवणेच थांबवले. पायपर १९९१ मध्ये दिवाळखोरीत गेली. १९९४ साली सगळ्या कंपन्यांची मिळून एकूण संख्या हजाराच्याही आत आली. कंपन्या म्हणाल्या, वकिलांनी आम्हाला मारले. तीस वर्षांपूर्वीच्या विमानाचा अपघात झाला तरी दावा आमच्यावर. यात तथ्य आहे, पण आमच्या मते ते अर्धेच. व्याजदर चढले होते, इंधन महागले होते, आणि मुख्य म्हणजे जुनी विमाने मरेनात! सत्तरच्या दशकात इतकी बनली होती, की नव्याची गरज काय?

१९९४ च्या ऑगस्टमध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी एका कायद्यावर सही केली. विमान अठरा वर्षांचे झाले, की त्यातील दोषासाठी निर्मात्यावर दावा करता येणार नाही, असा त्याचा गाभा. काही अपवाद आहेत, ते आज सोडू. सेसनाने पुन्हा १७२ बनवायला घेतले, ते या कायद्याच्या भरवशावर. पण आमचे लक्ष गेले ते त्यातल्या एका पोटकलमाकडे. जुन्या विमानात नवा भाग बसवला, तर त्या भागापुरती अठरा वर्षे नव्याने सुरू होतात! म्हणजे १९७५ चा सांगाडा दाव्याच्या बाहेर, पण परवा बसवलेला पंप आत. कायदा नागसेनाच्या बाजूने उभा राहिला म्हणा ना. विमान नावाच्या वस्तूला एक वय नाही, प्रत्येक भागाला आपापले वय आहे.

दरम्यान दुसऱ्याच वाटेने एक क्रांती होत होती. अमेरिकेत माणूस घरच्या गॅरेजमध्ये स्वतः विमान बांधू शकतो. निम्म्याहून अधिक काम स्वतः केले पाहिजे, आणि त्या विमानावर ‘एक्सपेरिमेंटल’ असे लिहावे लागते. या विमानांना टाइप सर्टिफिकेटचे बंधन नाही. त्यामुळे स्वस्त इलेक्ट्रॉनिक पडदे आधी तिथे आले. गंमत बघा, गॅरेजमधल्या घरगुती विमानात आधुनिक उपकरणे, आणि कारखान्यातून प्रमाणपत्र घेऊन निघालेल्या विमानात चाळीस वर्षांपूर्वीचे भोवरे.

भोवरे म्हणजे जायरोस्कोप. ढगात शिरल्यावर आपण सरळ आहोत की कलंडलो, हे माणसाच्या शरीराला कळत नाही, कान फसवतात. ते दाखवते क्षितिजदर्शक. जुन्या विमानांत त्यातला भोवरा हवेच्या ओढीने फिरतो, आणि ती ओढ निर्माण करतो इंजिनाला जोडलेला एक व्हॅक्यूम पंप. त्यातली कार्बनची पाती बहुधा पूर्वसूचना न देता तुटतात. पंप गेला, की भोवरा हळूहळू आडवा होतो आणि खोटे क्षितिज दाखवत राहतो. क्षितिजदर्शक बिघडले तर काय होते, हे १६ ऑक्टोबर २००० च्या रात्री मिसुरी राज्यात दिसले. गव्हर्नर मेल कार्नाहन, विमान चालवणारा त्यांचा मुलगा आणि एक सहकारी छोट्या सेसना विमानाच्या अपघातात गेले. वैमानिकाला दिशाभ्रम झाला, आणि मुख्य क्षितिजदर्शक बंद पडणे व खराब हवामान त्याला कारणीभूत ठरले, असा तपासाचा निष्कर्ष होता.

आणि तरीही जुन्या विमानात घरगुती विमानातला पडदा बसवायला बंदी, का, तर तो प्रमाणित नाही. कागद सुरक्षित आणि माणूस असुरक्षित, अशी ही अवस्था. ती सुटायला २०१६ उजाडले. त्या वर्षी हौशी वैमानिकांच्या संघटनेने, एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनने, डायनॉन कंपनीच्या अशा एका पडद्यासाठी स्वतः परवानगी मिळवली. त्याच वर्षी गार्मिनचे जी-५ आले, एकाच परवानगीत शेकडो जुन्या नमुन्यांची यादी घेऊन. फिनिक्सच्या त्या पॅनेलवर आम्ही जे पाहिले, त्याची वंशावळ ही अशी.

आता थंडाव्याकडे येऊ, कारण इथे कायद्याबरोबर वजन येते, आणि वजनाशी वाद घालता येत नाही. सत्तरच्या दशकातली १७२ एकूण १०४३ किलो वजनाने उडू शकते. स्वतःचे वजन आणि भरलेले इंधन वजा केले, तर माणसांना आणि सामानाला उरतात साधारण तीनशे किलो. चार धडधाकट माणसे बसली की हिशेब संपला. त्यात वीस-तीस किलोचा एसी टाकायचा तर कोणाला उतरवणार? शिवाय तो मागे सामानाच्या जागेत बसवला की विमानाचा तोल मागे सरकतो, तो हिशेब वेगळा.

खरी अडचण याहून मजेची आहे. उष्ण हवा विरळ असते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाला दम कमी मिळतो. म्हणजे थंडाव्याची सर्वांत जास्त गरज ज्या क्षणी, भर दुपारी धावपट्टीवर, त्याच क्षणी विमानाला एकेक किलो आणि एकेक अश्वशक्ती जड. आणि वर गेल्यावर? दर हजार फुटांना साधारण दोन अंश उतरतात. आम्ही साडेआठ हजार फुटांवर पोचलो तेव्हा बाहेर सव्वीस अंश होते, गृहस्थांनी पंखा बंद केला आणि पेटीतला उरलेला बर्फ नुसता ओझे म्हणून आमच्याबरोबर हिंडला.

पायपरने सत्तरच्या दशकात आपल्या विमानांत इंजिनावर चालणारा एसी दिला होता. त्यातली युक्ती आम्हाला फार आवडते. गरम हवा बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरचे दार पोटाखाली उघडते. वैमानिकाने उड्डाणासाठी इंजिनाला पूर्ण ताकद दिली, की एक छोटा स्विच दाबला जातो, कॉम्प्रेसर सुटतो, दार मिटते. आधी उडा, मग गार व्हा. सेसनाने १९७८ च्या १७२ मध्ये चौदाऐवजी अठ्ठावीस व्होल्टची वीज आणली आणि एसीचा पर्यायही ठेवला. पुढे ओझोनच्या प्रश्नामुळे जुना आर-१२ वायू बंद झाला, आणि त्या यंत्रांनाही नव्या वायूसाठी बदलावे लागले. जीर्णोद्धाराचा जीर्णोद्धार!

आज विजेवर चालणारे एसी मिळतात. ते शक्य झाले, त्याला ते पडदेच कारण आहेत. पंप, भोवरे, जुने रेडिओ आणि त्यांच्या तारांचे जंजाळ निघाले, की विमान काही किलोंनी हलके होते. शंभर वॉटचा जुना उतरण्याचा दिवा जाऊन एलईडी आला, की वीज वाचते. ही बचत थंडाव्याच्या खात्यात वळते. आणि थंडावा आता निव्वळ चैनही राहिलेला नाही. वैमानिक नकाशे आयपॅडवर ठेवतात, तो पस्तीस अंशांपर्यंत वापरावा असे कंपनीच सांगते, आणि उन्हात तापला की बंद पडतो. आपल्याकडे धुळ्याला वैमानिक घडवण्याचे काम चालते. तिथल्या मे महिन्याचे वर्णन खानदेशातल्या श्रोत्यांना सांगायला नको.

जुने जपण्याची दुसरीही रीत आहे, हे इथे सांगून ठेवतो. जेआरडी टाटांनी १९८२ च्या १५ ऑक्टोबरला, वयाच्या ७८ व्या वर्षी, कराची ते मुंबई हे आपलेच पन्नास वर्षांपूर्वीचे उड्डाण पुन्हा केले, ते जुन्या लेपर्ड मॉथ विमानातून. तिथे हेतू विमान तेव्हासारखे ठेवण्याचा होता. फिनिक्सच्या गृहस्थांना विमान रोज वापरायचे होते. दोन्हींत फरक आहे.

राहिला तो कणा. पंखाच्या आत आडवा जाणारा जो मुख्य तुळईसारखा भाग, त्याला स्पार म्हणतात. ४ एप्रिल २०१८ ला फ्लोरिडातल्या डेटोना बीचजवळ एका प्रशिक्षण विमानाचा डावा पंख हवेत निखळला. विद्यार्थी आणि परीक्षक दोघेही गेले. स्पारला थकव्याची चीर होती. हे विमान जुने होते का? २००७ चे होते. पण अकरा वर्षांत साडेसात हजारांहून अधिक तास उडालेले, तेही शिकाऊ हातांखाली, पुन्हा पुन्हा उतरत. धातूचे वय वर्षांत मोजायचे नसते. त्यानंतर २०२१ पासून त्या घराण्यातल्या बऱ्याच विमानांची, ठरावीक वापर झाला की, स्पारमध्ये विद्युतप्रवाह खेळवून चिरेसाठी तपासणी सक्तीची झाली. ही तपासणी होताना पॅनेलवर कुठला पडदा आहे, हे कोणी बघत नाही.

आम्ही उतरल्यावर त्या गृहस्थांना विचारले, आता खरा एसी बसवणार का? त्यांनी लॉगबुक उघडून दाखवले. पडद्यांची नोंद, दिव्यांची नोंद, प्रत्येक वेळी नव्याने काढलेले वजन. आणि मग एक पान, ज्यावर पंखांच्या जोडांची आतून तपासणी केल्याचे, चीर वा गंज न सापडल्याचे आणि पुढची तपासणी किती तासांनी हे लिहिले होते. एसीचे पैसे यात गेले, म्हणाले. बर्फाची पेटी त्यांनी स्वतःच उचलून गाडीत ठेवली.

असो. प्रश्न बरेच आलेले दिसतात, ते घेऊ.