स्थिर की अस्थिर? मुक्तस्रोत जगाची तीस वर्षांची द्विधा (थ्रेड 🧵)

१/
'डेबियन' या लिनक्सवर आधारित संगणक-प्रणालीच्या आवृत्त्यांची यादी पाहिली की एक गोष्ट खटकते. ०.९३ नंतर एकदम १.१ येते. मधली १.० ही आवृत्ती कधी प्रकाशितच झाली नाही. हा आकडा नजरचुकीने गळलेला नाही, तो जाणीवपूर्वक वगळला गेला. मुक्तस्रोत जगातील एका जुन्या पेचाची कथा त्या रिकाम्या जागेपासून सुरू होते.

२/
१९९५ साली इंटरनेट मंद आणि महाग होते. लिनक्स अनेकांच्या घरी पोहोचे ते सीडींच्या संचांतून. त्या वर्षाच्या अखेरीस एका सीडी विक्रेत्या कंपनीने डेबियनच्या सर्व्हरवरील फाईली उतरवून घेतल्या, त्यांना 'डेबियन १.०' असे नाव दिले आणि संच बाजारात आणला. प्रत्यक्षात ते काम अर्धवट होते. प्रोग्रॅमच्या फाईली जुन्या स्वरूपातून 'ईएलएफ' या नव्या स्वरूपात नेल्या जात होत्या आणि ते स्थित्यंतर निम्म्यावर आले होते.

३/
११ डिसेंबर १९९५ रोजी डेबियन आणि ती कंपनी या दोघांनी मिळून चूक जाहीर केली. आता खरी १.० आणली असती, तर लोकांच्या हाती एकाच नावाच्या दोन भिन्न प्रणाली राहिल्या असत्या. म्हणून तो आकडाच सोडून देण्यात आला आणि १७ जून १९९६ रोजी डेबियन १.१ प्रकाशित झाली.

४/
ही चूक मुक्तस्रोत पद्धतीतच घडू शकणारी होती. बंदिस्त सॉफ्टवेअरचा कारखाना दाराआड असतो, ग्राहकाला दिसतो तो केवळ तयार माल. मुक्तस्रोत प्रकल्पात कारखाना आणि दुकान एकाच छताखाली, तेही उघड्या दारांचे. अर्धा घडलेला माल कोणीही उचलून नेऊ शकतो. म्हणूनच 'हे वापरण्याजोगे आहे' आणि 'हे अजून घडते आहे' यांत भेद करणारी खूण आवश्यक ठरली.

५/
लिनक्सच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलने, ती खूण आकड्यांत शोधली. लिनस टोरवाल्ड्स यांनी हेलसिंकीत १९९१ साली सुरू केलेल्या या कर्नलची १.० आवृत्ती मार्च १९९४ मध्ये आली. त्यानंतर संकेत रूढ झाला: दुसरा आकडा सम असेल तर आवृत्ती स्थिर, विषम असेल तर विकासाधीन. १.२, २.०, २.२, २.४ या सर्वांसाठी, १.३, २.१, २.३, २.५ या प्रयोग करणाऱ्यांसाठी.

६/
डेबियनने आकड्यांऐवजी नावे योजली. प्रकल्पाचे तत्कालीन नेते ब्रूस पेरेन्स 'पिक्सार' या चित्रपटसंस्थेत काम करत होते. त्यामुळे आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी'तील पात्रांची नावे मिळाली: बझ, रेक्स, बो. पुढे कायम विकासाधीन असलेल्या शाखेला 'सिड' हे नाव पडले. चित्रपटातील सिड म्हणजे शेजारचा खेळणी मोडणारा मुलगा. ज्याला हे ठाऊक आहे, त्याला वेगळ्या इशाऱ्याची गरज उरत नाही.

७/
खुणा झाल्या, पण त्यांनी नवा प्रश्न उभा केला. स्थिर आवृत्ती किती जुनी होऊ द्यायची? डेबियनची ३.० आवृत्ती, 'वुडी', १९ जुलै २००२ रोजी आली. तिच्या पुढची 'सार्ज' ६ जून २००५ रोजी. मध्ये जवळजवळ तीन वर्षे गेली. वुडीचा मूळ कर्नल २.२ मालिकेतील, म्हणजे १९९९ सालच्या घराण्यातला. दरम्यान डिसेंबर २००३ मध्ये कर्नल २.६ येऊन ठेपला होता. नवे यंत्र विकत घेणाऱ्याला स्थिर आवृत्ती अपुरी वाटे आणि अस्थिर आवृत्ती भीतीदायक.

८/
या दोहोंमध्ये एक पायरी डेबियनने २००० सालीच बांधली होती: 'टेस्टिंग', म्हणजे चाचणी शाखा. नवे पॅकेज आधी अस्थिर शाखेत येई. तेथे ठरावीक दिवस, सामान्यतः दहा, निकडीचे असल्यास पाच किंवा दोन, त्यात नवा गंभीर दोष आढळला नाही आणि त्याला लागणारी इतर पॅकेजेसही तयार असली, तरच ते चाचणी शाखेत उतरे. स्थिर आवृत्ती या चाचणी शाखेतूनच घडते. अस्थिर शाखा वापरणारे लोक म्हणजे या व्यवस्थेचे बिनपगारी पहारेकरी.

९/
कर्नलच्या जगात सम-विषम संकेतच कोसळला. २.४ जानेवारी २००१ मध्ये आला आणि २.६ येईपर्यंत जवळजवळ तीन वर्षे लोटली. तोवर थांबणे वितरकांना परवडेना. ते २.५ मधील सुधारणा स्वतःच मागे आणून आपापल्या २.४ मध्ये जोडू लागले. परिणामी नावाने एकच असलेला 'स्थिर' कर्नल प्रत्येक वितरकाकडे निराळा झाला. स्थैर्याची पाटी तशीच राहिली, आतला ऐवज बदलला.

१०/
२००४ साली ओटावा येथील बैठकीत प्रमुख विकासकांनी ठरवले की २.७ काढायचाच नाही. मुख्य शाखा सतत पुढे जाईल. मार्च २००५ पासून ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि ख्रिस राइट यांनी प्रकाशित कर्नलांसाठी केवळ दुरुस्त्यांची वेगळी मालिका चालवली. आज नवा कर्नल साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येतो आणि काही निवडक आवृत्त्या अनेक वर्षे सांभाळल्या जातात.

११/
त्याच सुमारास, ऑक्टोबर २००४ मध्ये, उबुंटूची पहिली आवृत्ती ४.१० आली. तिची युक्ती साधी होती: डेबियनच्या अस्थिर शाखेतून दर सहा महिन्यांनी माल घ्यायचा, तो घासूनपुसून ठरल्या तारखेला द्यायचा. जून २००६ मध्ये ६.०६ ही दीर्घ मुदतीच्या आधाराची पहिली आवृत्तीही आली. 'तयार होईल तेव्हा' या तत्त्वापुढे 'ठरल्या दिवशी' हे तत्त्व उभे राहिले.

१२/
येथे शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यावा लागतो. 'स्थिर' म्हणजे निर्दोष नव्हे. स्थिर म्हणजे न बदलणारे. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत सुरक्षेची त्रुटी आढळली, तर सहसा प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आणली जात नाही. नेमकी दुरुस्ती तेवढी जुन्या आवृत्तीत बसवली जाते. वापरणाऱ्याची घडी मोडू नये, हा हेतू. पण आत आलेला दोषही तितक्याच निष्ठेने जपला जातो.

१३/
याचा दाहक अनुभव २००८ साली आला. सप्टेंबर २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजमध्ये, एका तपासणी-साधनाने दिलेली सूचना घालवण्यासाठी, एक लहानसा बदल झाला. त्यामुळे गुप्त किल्ल्या घडवणारी यादृच्छिकता जवळजवळ नष्ट झाली. उरला तो केवळ प्रक्रियेचा क्रमांक, म्हणजे फार तर ३२,७६८ शक्यता. हा बदल अस्थिर शाखेतून चाचणीत आणि तेथून एप्रिल २००७ च्या स्थिर 'एच' आवृत्तीत गेला. १३ मे २००८ रोजी तो जाहीर झाला, तोवर जगभर असंख्य कमकुवत किल्ल्या वापरात होत्या. जुन्या 'सार्ज'वर मात्र हा दोष नव्हता. जे मागे राहिले, ते त्या वेळी वाचले.

१४/
२०२४ साली काटा दुसरीकडे झुकला. 'एक्सझेड' या फाईली संकुचित करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा दडवलेला होता. तो बसवणाऱ्या टोपणनावाच्या व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ चांगले काम करून प्रकल्पात विश्वास कमावला होता. या आवृत्त्या डेबियनच्या अस्थिर आणि चाचणी शाखांत पोहोचल्या होत्या. स्थिर आवृत्तीत नव्हत्या.

१५/
तो सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसचे विकासक डेबियन सिडवर वेगाची मोजमापे घेत होते. दूरच्या यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे त्यांच्या लक्षात आले. कारण शोधत ते थेट चोरदरवाज्यापाशी पोहोचले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी ते जाहीर केले. उबुंटूची दीर्घ मुदतीची २४.०४ ही आवृत्ती तेव्हा जेमतेम महिन्यावर आली होती.

१६/
या दोन घटना शेजारी ठेवल्या की निवडीचा खरा अर्थ उलगडतो. २०२४ मध्ये स्थिर आवृत्तीचे वापरकर्ते सुरक्षित राहिले, कारण कोणीतरी अस्थिर शाखेवर राहत होते आणि डोळे उघडे ठेवून राहत होते. २००८ मध्ये शाखा तीच होती, पायऱ्याही त्याच होत्या. दोष मात्र वीस महिने कोणाच्याच नजरेस पडला नाही. दिवस मोजल्याने तपासणी होत नाही. त्या दिवसांत कोणीतरी पाहावे लागते.

१७/
म्हणून रुग्णालयाचा सर्व्हर, बँकेचा हिशेब, परीक्षेच्या आदल्या दिवशीचा लॅपटॉप यांच्यासाठी स्थिर आवृत्ती योग्यच. तेथे धोका पत्करण्याचा अधिकार एकट्या वापरणाऱ्याचा नसतो. ज्याच्याकडे दुसरे यंत्र आहे, विदेची प्रत आहे आणि दोष दिसल्यास कळवण्याची तयारी आहे, त्याने अस्थिर शाखेवर जावे. केवळ नवे हवे म्हणून तेथे जाणारा आणि दोष दिसूनही गप्प बसणारा मात्र पहारा देत नाही, फक्त धोका पत्करतो.

१८/
डेबियनची स्थिर आवृत्ती आता साधारण दोन वर्षांनी येते. ऑगस्ट २०२५ मध्ये तेरावी, 'ट्रिक्सी', आली. तिच्यातील पॅकेजेस आधी सिडमधून, तेथील पहारेकऱ्यांच्या नजरेखालून गेली आहेत. आवृत्त्यांच्या यादीत १.० ची जागा अजूनही रिकामीच आहे.

(समाप्त)